कल्याणप्पांची वानगी

मुरुमला आमची तीन पिढ्यांची धान्याची आडत. अशा घरात माझी धाकटी बहीण शिवप्रिया शास्त्रज्ञ निघाली, यात आमच्यापैकी कुणाचाही हात नाही. असलाच तर शेतातल्या पेवाचा. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. ती लहान असताना महांतप्पा नावाचा आमचा गडी पेवात उतरला आणि तिथल्या कोंडलेल्या हवेनं बेशुद्ध पडला. दोर लावून त्याला वर काढला. तो शुद्धीवर आला, चहा प्याला आणि सगळं विसरून गेला. ही मात्र विसरली नाही.

रसायनशास्त्र शिकून तिनं त्या हवेवर लेख लिहिले. त्या हवेत ज्वारीला कीड का लागत नाही, हे शेतीच्या नियतकालिकांत लिहिलं. त्र्याण्णवच्या भूकंपात घरं पडली पण काही पेवं शाबूत राहिली, ती कशी, हे बघायला सास्तूरला खेपा घातल्या आणि इंजिनिअरांसाठी लिहिलं. आत माणूस कसा गुदमरतो, ते डॉक्टरांसाठी. कुठल्या कुठल्या देशातले लोक आपल्या लेखांत तिच्या लेखांचे दाखले द्यायला लागले.

आणि जिल्ह्याच्या संशोधन केंद्राचं प्रमुखपद? ते तिला दोनदा नाकारलं. का, तर म्हणे काम चार विषयांत विखुरलंय, धड एकाही विषयाचं नाही. आता शेतकऱ्यानं एका रानात चार पिकं घेतली तर त्याला कुणी दिशाहीन म्हणतं का? पण शिकलेल्यांशी कोण डोकं लावणार! वयाच्या अटीमुळं यंदाची मुलाखत शेवटची होती. हुकली तर पेवांचं सगळं काम बंद पडणार होतं.

आदल्या संध्याकाळी अप्पा तिला म्हणाले, "तुझी फाईल म्या बांधतो." बांधाबांधीत आमच्या वडिलांचा हात कुणी धरत नाही, म्हणून तिनं हो म्हटलं. सकाळी धाराशिवला निघालो तेव्हा अप्पांच्या मांडीवर एक गाठोडं होतं.

"काय हाय त्यात, अप्पा?" गाडी चालवता चालवता मी विचारलं.

"तू रस्त्याकडं बघ."

मुलाखतीच्या वेळी वीज गेलेली, खिडक्या सताड उघड्या. अप्पा आणि मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"फक्त सहा लेख?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

शिवप्रियानं फाईल पुन्हा पुन्हा चाळल्याचा आवाज आला. तिचे लेख तर ढीगभर होते. मी अप्पांकडं बघितलं, तर ते शांतपणे टोपी सारखी करत होते.

"सगळे रसायनाचे," अध्यक्षबाई पुढं म्हणाल्या. "पण यांचे दाखले दिलेत ते धान्य साठवणाऱ्यांनी, बांधकामवाल्यांनी, डॉक्टरांनी. आणि किती ते! हे काय गौडबंगाल आहे?"

मग शिवप्रियानं महांतप्पापासून सुरुवात केली. आधी आवाज कापत होता, पुढं कापेनासा झाला. एक पेव, एकच प्रश्न, आणि त्या प्रश्नापायी ठोठावावी लागलेली चार दारं.

"मग या बाकीच्या विषयांत तुम्ही स्वतः काही लिहिलंय का?"

"लिहिलंय. दोन्ही वेळा जोडलंही होतं. विखुरलेलं काम म्हणून तुम्हीच मला परत पाठवलंत."

अध्यक्षबाईंनी फाईल मिटल्याचा आवाज आला.

"आम्हाला ते सगळं बघायचंय. कुठं आहे?"

"मला... माहीत नाही."

अप्पा उठले. गाठोडं खांद्यावर टाकून, न विचारता, धोतर सावरत सरळ आत गेले आणि टेबलावर गाठ सोडली. सगळे लेख, विषयवार, सुतळीनं बांधलेले.

"शरणार्थी, बाईसाहेब," असा आमच्याकडचा नमस्कार घालून ते म्हणाले, "ह्यो बाकीचा माल."

"तुम्ही कोण?"

"म्या हिचा बाप, कल्याणप्पा. मुरुमचा आडत्या. दोनदा हिनं समदी रास तुमच्यापुढं वतली, अन् तुमी भेसळ म्हणून हिणवली. आमच्यात आदी मूठभर वानगी दावत्यात. गिऱ्हाईक सोताहून म्हनलं, बाकीचं दाव, की मग पोती सोडायची."

अध्यक्षबाई हसल्या, पण लेख त्यांनी हातात घेतले. तासभर त्या मंडळींनी एकमेकांकडं गठ्ठे सरकवले. हा लेख त्या लेखाला कसा जोडलेला आहे, ते एकमेकांना बोटानं दाखवत राहिले. शेवटी अध्यक्षबाई उभ्या राहिल्या.

"रीतसर पत्र येईल. पण आत्ताच सांगते, केंद्र तुमचं. आधी दोनदा आमचं चुकलं."

मी खिडकीच्या गजाला धरून ढसाढसा रडलो. चारचौघांत रडायची मला लाज वाटली नाही.

"अप्पा, आत माझा जीव जायची वेळ आली होती! मला सांगायचं तरी!" शिवप्रिया चिडून म्हणाली आणि तशीच त्यांच्या पाया पडली.

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस व्हय?"

आम्ही निघालो तेव्हा अध्यक्षबाईंनी ती सहा लेखांची फाईल अप्पांपुढं धरली. "ही तुमची पहिली फाईल, कल्याणप्पा."

अप्पांनी हात जोडले. "ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. सौदा झाल्यावर वानगी परत घेत न्हाईत."