चार खाडे

लातूरचा जिल्हा झाला, उस्मानाबादेहून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कारकून आले, आणि अशाच एका कारकुनाची बायको म्हणून दानम्मा चर्चच्या मंडळीत आली. माहेर बीदरकडचं, शिक्षण बी.एड., आणि गळा असा की तिनं गीत सुरू केलं की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही माना वर करत. तारामतीबाईंना ती पहिल्याच रविवारी आवडली. सातव्या रविवारी आवडेनाशी झाली.

त्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की आपली मुलं दृढीकरणाच्या विधीत श्रद्धेची कबुली द्यायला बिशपसाहेबांपुढं उभी राहतात ती चाळीस दिवसांच्या घोकंपट्टीवर. आता आपण जिल्ह्याची मंडळी झालो. तीन वर्षांचा नीट अभ्यासक्रम पाहिजे, आणि तो दानम्माबाई आखतील.

ईस्टरआधीचे ते चाळीस दिवस एकवीस वर्षं तारामतीबाईंचे होते. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सगळं पोरांच्या तोंडी बसवायच्या त्याच. ‘घोकंपट्टी’ म्हणताना साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं ते नंतर. बाईंचं अक्षर सुरेख, तेव्हा सायक्लोस्टाईलसाठी स्टेन्सिलवर उतरवून त्या देतील, असं म्हणताना.

दानम्मा वही घेऊन घरी आली. “अक्का, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय,” म्हणाली. मंडळीत सगळे त्यांना बाई म्हणायचे. ही माहेरच्या रीतीनं, मानानंच अक्का म्हणाली. पण बाई म्हणजे शिकवणारी, आणि अक्का म्हणजे नुसती वयानं मोठी.

तारामतीबाईंनी वही वाचली ती खोट काढायलाच. पहिल्या वर्षी उत्पत्तीपासून आज्ञांपर्यंत, दुसऱ्या वर्षी शुभवर्तमान, तिसऱ्या वर्षी मंडळीचं काम, आणि त्यात प्रत्येक पोरानं एका आजारी माणसाची वर्षभर विचारपूस करायची. वही चांगली होती. चांगली होती, हेच त्यांना खुपत होतं. मग शेवटच्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. वर्ग दरवर्षी दसऱ्याला सुरू, ईस्टरला समाप्त. चार खाडे चालतील, पाचव्याला नाव कमी.

दुष्काळानं वस्तीवर काम उरलं नव्हतं. दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जायची ती पाच-पाच महिने, पोराबाळांसकट. वर्गाच्या सतरा पोरांतली अकरा त्या घरांतली. कचेरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? पहिल्याच वर्षी वर्गात सहा डोकी उरतील, आणि साहेबांना घोकंपट्टीची किंमत कळेल. तारामतीबाईंच्या मनाला गूळ खाल्ल्यासारखं गोड लागलं. होतं तसंच त्यांनी उतरवायला घेतलं, दिवसाला एक पान.

रोज पहाटे पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या आधी एक स्तोत्र वाचायचं आणि पोरांची नावं एकेक करून देवापुढं ठेवायची, हा त्यांचा नेम. त्या अकरा नावांवर जीभ अडखळेल असं त्यांना वाटलं होतं. अडखळली नाही. नावं देवापुढं ठेवली, आणि त्यांच्याबद्दल जे ठाऊक होतं ते पदराखाली ठेवलं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी टँकरच्या रांगेत नीलाबाई भेटली. दरसाल ऊसतोडीला जाणारी. तिची लेक सुवार्ता तेरा वर्षांची, वर्गात यंदा पहिल्यांदाच बसणारी.

“दानम्माबाईला इचारलं म्या,” नीलाबाई म्हणाली. “चार खाडे चालत्यात, पाचवा न्हाई. नेम समद्यांला सारखा.”

“कशानं खाडे पडतील ते सांगितलंस का?”

“त्ये काय सांगायचं? ठावं असंलच की. म्हणून म्हणलं, सुवार्ताला ठिवूनच जाव. ऱ्हाईल एकली. भाकरी येती तिला.”

पाच महिने. तेरा वर्षांची पोर, दाराला धड कडी नसलेल्या घरात. तारामतीबाईंनी घागर तशीच नीलाबाईच्या हवाली केली आणि दानम्माचं घर गाठलं.

दानम्मानं सगळं ऐकून घेतलं, “पाच महिने?” एवढंच विचारलं आणि वही ओढली. वर्ग ईस्टरनंतर सुरू केला, दसऱ्याला संपवला. हिवाळ्यासाठी रविवारचे वीस छोटे धडे वेगळे काढले. टोळीत वाचता येणारं कोण आहे, म्हणाली. केरबा, असं तारामतीबाईंनी सांगितलं. मग धडे केरबाकडं द्यायचे, खोपीवर तो वाचून दाखवील. खाड्यांच्या नियमावर तिनं आडवी रेघ मारली. अर्ध्या तासाचं काम. तारामतीबाईंना नऊ दिवस भोक दिसत होतं, ठिगळ सुचलं नव्हतं. आणि ते हिला सुचलं, हेही त्यांना झोंबलंच.

“अक्का, हे तुमच्या ध्यानात कधी आलं?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. रांगेतून तर त्या आल्या होत्या.

“नऊ दिवस झाले.”

दानम्मानं पेन्सिल खाली ठेवली. “मला राग आलाय,” ती हळूच म्हणाली. “चहा टाकते. पण राग आलाय.”

दोघींनी चहा घेतला. शेवटचं स्टेन्सिल तारामतीबाईंनी त्याच दिवशी फाडलं आणि नव्यानं लिहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक वस्तीवर उभा होता. सुवार्ता गाठोड्यावर चढून बसली होती, धड्यांचे कागद केरबाच्या पिशवीत होते. तारामतीबाई निरोप द्यायला आल्या तशी नीलाबाई त्यांच्यापाशी आली.

“बाई, नव्या बाई लई मायाळू हायत बघा. आमच्यापायी समद्या तारखा बदलल्या. असं आजवर कुणी केलं न्हाई.”

कुणी केलं नाही. एकवीस वर्षांत एकदाही नाही. ईस्टरला परत येणाऱ्या पोरांची नावं त्या दरसाल पुढच्या वर्षावर टाकत आल्या होत्या, आणि ती दरसाल पुढच्या वर्षावरच राहिली होती. तरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, अगं, मी सांगितलं म्हणून. पार ओठांवर आलं होतं.

“हाव,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच बदलल्या.”

शब्द कडूच लागले. ट्रक सुरू झाला तेव्हा ओठांवर आलेले त्यांनी गिळले.