प्लास्टिकच्या डोळ्यातले किडे

चिखलीत वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवात नेत्रबाबा बसला होता. पितळी नळी माणसाच्या डोळ्याला लावायची, दुसऱ्या टोकानं चोखायचं आणि ताटलीतल्या पाण्यात थुंकायचं. पाण्यात पांढरे बारीक किडे दिसले की गर्दी हात जोडायची.

"डॉक्टर चिरतो, बाबा ओढतो!" बाबा गरजायचा. "मोतीबिंदू, काचबिंदू, सगळे बिंदू एका नळीत!"

उद्धवराव बायकोचा हात धरून रांगेत उभे होते. सावित्रीबाईंच्या उजव्या डोळ्यापुढे आठवडाभर विजा चमकत होत्या, काळे ठिपके माश्यांसारखे घोंगावत होते. बाबानं एकदा किडे काढून "आणखी हायेत, रविवारी या" म्हणून पाठवलं होतं. उद्धवरावांनी दवाखान्यासाठी हातापाया पडून पाहिलं, पण त्या ऐकेनात. आज सकाळी मात्र म्हणाल्या, "अहो, डोळ्याच्या कडंनं काळा पडदा सरकतोय." तरीही त्यांचा हट्ट तोच : आधी बाबा!

"आधी मी बसतो," उद्धवराव पुढं झाले. "डावा डोळा खुपतोय, बाबा."

बाबानं नळी लावली, चोखलं, थुंकला. पाण्यात किडेच किडे! "बघा, केवढा साठा होता!"

उद्धवरावांनी पापणीखाली बोट घातलं आणि डोळा काढून तळहातावर ठेवला. कंपनीत लेथवर लोखंडाचा कण उडून त्यांचा खरा डोळा केव्हाच गेला होता. हा प्लास्टिकचा होता. बायका किंचाळल्या.

"ह्या प्लास्टिकात किडं काय खाऊन जगले, महाराज?"

"पापी!" बाबा ओरडला आणि ओरडतानाच त्याला ठसका लागला. गालात दडवलेले पांढरे तुकडे दाढीवर सांडले. पुढच्या बाईनं एक चिमटीत चुरगळला. "अगं बया, ही तर भिजवलेली शेवई!"

गर्दी बाबावर धावली. उद्धवरावांना ते बघायला सवड नव्हती. रिक्षा करून त्यांनी तडक डोळ्यांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर योगिनींनी डोळा तपासला. "आतला पडदा सुटलाय. विजा दिसल्या तेव्हाच आला असतात, तर फाटलेली जागा लेसरनं बंद करता आली असती. आता ऑपरेशन. नजर किती परत येईल, सांगवत नाही."

"दुखत नव्हतं हो," सावित्रीबाई पुटपुटल्या.

"हा पडदा दुखत नाही, मावशी. तिथंच माणूस फसतो."

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याला आता माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना सावित्रीबाई बोलावून सांगतात, "अचानक विजा चमकल्या, ठिपक्यांचा पाऊस पडला, कडंनं पडदा आला, नजर एकदम गेली, न्हाईतर डोळा लाल होऊन ठणकायला लागला नि उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चमत्कार खरा असंल तर उद्याही असंल. डोळा उद्यापर्यंत थांबत न्हाई."