लास्मीच्या मांडवातला भात

सकाळपासून पार्तिनीचं डोकं भणभणत होतं, आणि त्याला चुलीचा धूर कारण नव्हता. शेजारच्या लास्मीच्या मुलीचं लग्न होतं. गावात कुणाकडेही लग्न निघालं की सगळ्या बायका कामाला जायच्या आणि भाताची चूल पार्तिनीकडे असायची, हे ठरलेलं. तेव्हा यावं तर लागलंच. पण आल्यापासून तिचे डोळे भातावर होते कुठे? जांभळ्या झालरींचा मांडव बघ, खुर्च्यांना चढवलेले अभ्रे बघ, लास्मीच्या मुलाने कोरियात राबून बसवलेली नवी फरशी बघ. प्रत्येक गोष्टीशेजारी ती आपल्या मुलीचं, रात्मीचं लग्न नेऊन ठेवायची आणि स्वतःच चिडायची. त्या लग्नात ताडपत्री होती, आणि भोंगासुद्धा ऐन वेळी बंद पडला होता. अरे देवा, या मनाला दुसरा काही धंदा नाही का!

त्यात लास्मी सजूनधजून मागच्या अंगणात आली.

"म्बाक पार्तिनी, तांदूळ मी मोजून ठेवलाय हं. यातच भागव. तुझ्याकडच्यासारखा उरून कोंबड्यांपुढे टाकायला नको."

म्हणजे तोंडाने म्हणायचं म्बाक, मोठी बहीण, आणि वर टोमणा मारायचा! पार्तिनीने चुलीत लाकूड असं खुपसलं की ठिणग्या उडाल्या.

दुपारी नवरदेवाकडची माणसं आली. एक बस यायची होती, दोन आल्या. बायका पुढे नवरी बघायला धावल्या आणि मागे पार्तिनी एकटी उरली. तिने भाताच्या टोपल्यांवरून नजर फिरवली. शेवटच्या रांगांना भात पुरणार नव्हता. आत्ता तांदूळ चढवला तर वेळेत वाफवून झाला असता, नंतर नाही. कोठीची किल्ली लास्मीकडे, आणि लास्मी नवरीशेजारी मंचावर. विधी संपेपर्यंत तिला तिथून उठायची सोय नव्हती.

म्हणजे पार्तिनीला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. तांदूळ मोजला कुणी? लास्मीने. रिकाम्या हातांनी परतणारी वाढपी पोरं आणि लास्मीचा उतरलेला चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं. आणि लगेच स्वतःची किळस आली. लोक हसले असते ते लास्मीलाच. पण चूल आपली, टोपल्या आपल्या, आणि आपण हे जाणूनबुजून केलं, ते आपल्याला तर ठाऊक असणार! ती अजूनच वैतागली. धड वाईटही वागता येऊ नये माणसाला!

"रात्मीचे बाबा!" तिने कुंपणापलीकडे घरी असलेल्या नवऱ्याला हाक मारली. "घरचं तांदळाचं पोतं आणा."

"हिच्यासाठी? सकाळपासून हिच्याच नावाने बोटं मोडतेयस ना?"

"अजूनही मोडतेय. आणा म्हटलं ना!"

"अगं, लग्न कुणाचं आणि तांदूळ कुणाचा!"

"लग्न तिचं आहे. भात माझा आहे. जा!"

मग तिला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. कुणीतरी नवरीच्या अंगावरचं सोनं किती ते सांगायला आलं, तर तिने "सर बाजूला, वाफ लागेल" म्हणून हाकललं. शेवटच्या रांगेलाही ऊन ऊन भात मिळाला. "काय जेवण घातलं लास्मीने!" म्हणत पाहुणे उठले. लास्मीनेच, अर्थात! पार्तिनीला ते बोचलं, नाही असं नाही. पण भात मोकळा झाला होता, एकही शीत कच्चं नव्हतं.

सगळे पांगल्यावर लास्मी मागे आली. चेहऱ्यावरचा रंग घामाने ओघळला होता.

"म्बाक, दोन बस बघितल्या तेव्हाच कळलं, भात पुरायचा नाही. मंचावरून उठताही येईना. तांदूळ आणलास कुठून?"

"आला कुठूनतरी."

लास्मीने चुलीजवळचं रिकामं पोतं बघितलं. "मला वाटलं होतं, तू मुद्दाम..."



"मलाही तसंच वाटलं होतं," पार्तिनी म्हणाली. "बस आता खाली. जेव."