सगळ्यांची किल्ली एक

शपथ घेऊन सांगतो, मोठ्यानं सांगतो, पार टेसनापर्यंत ऐकू जाईल असं सांगतो: यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझ्या किल्लीचे दात पडोत आणि माझ्या भोकात मुंगळे घर करोत.

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कुलूप आहे. आज मला गंज चढलाय, पण एके काळी लोणावळ्यात टेसनामागच्या आळीत माझा मोठा दरारा होता. गोष्ट आहे छत्तीस-सदतीस सालची.

त्याआधी आळीत कुलूप नावाची वस्तूच नव्हती. बाहेर जाताना बाया नुसती कडी घालायच्या आणि ओरडायच्या, "बघा गं माझ्या घराकडं!" सगळ्या बघायच्या. इतकं बघायच्या की कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हेही सगळ्यांना ठाऊक असायचं.

मग त्या साली टेकडीवरच्या बंद बंगल्यांत चोऱ्या झाल्या आणि भीती खाली आळीत उतरली. बजरंग हवालदार मिशीला पीळ देत सांगायला आला. "मागल्या साली हितं एक चोरी झाली, ती बी कोंबडीची. यंदा दोन झाल्या. म्हंजे गुन्हे दुप्पट झाले, दुप्पट! सांभाळून ऱ्हावा." यंदाच्या दोन्ही चोऱ्या एकाच कोंबडीच्या होत्या. पहिल्या चोराकडून ती स्वतःच पळून आली होती. पण तेवढं त्यानं सांगितलं नाही.

दुप्पट म्हटल्यावर आळीचं धाबं दणाणलं. सगळ्यांनी मिळून तळेगावच्या अंबाजी लोहाराला कुलपं सांगितली. मुक्ताबाई आळीतली सगळ्यांत वडीलधारी बाई. तिनं अंबाजीला बजावलं, "हे बघ, समद्यांची सारखी कर. एकाचं थोरलं, दुसऱ्याचं धाकटं झालं तर माझ्या दारात भांडणं येतील."

अंबाजी शब्दाचा पक्का. त्यानं सारखी म्हणजे अगदी सारखी केली. कडी सारखी, पोट सारखं आणि किल्लीचे दातही सारखे.

मी मुक्ताबाईच्या दाराला लागलो. काय माझे लाड! दसऱ्याला हळदकुंकू, आठवड्याला खोबरेल तेल. पण बायांचं ते ओरडणं मात्र बंद पडलं. कुलूप असताना कशाला बघायचं? जो तो आपली किल्ली कनवटीला लावून खुशाल निघून जाई. कोण आलं, कोण गेलं, कुणाला पत्ता नसे.

एके दिवशी दुपारी मुक्ताबाई बाजारातून आली. मी दाराला जसाच्या तसा होतो. आत मात्र तिचं थोरलं पितळी पातेलं नव्हतं. आळीतल्या प्रत्येक लग्नाचा भात त्याच पातेल्यात शिजायचा. आळीभर बोंब झाली, बजरंग हवालदारही धावत आला.

तुम्ही म्हणाल, कुलूपबुवा, तुम्ही तर दारातच होता, मग चोर दिसला नाही? मित्रांनो, आम्हा कुलपांना डोळे नसतात. आम्ही फक्त दात ओळखतो. दात माझ्याच किल्लीचे होते, म्हणून मी उघडलो.

शेजारचा रखमाजी म्हणाला, "कुलूप तोडल्यालं न्हाई. कुनाची तरी किल्ली लागती. त्या हमीदची लावून बघा."

हमीद टाकव्याहून नुकताच आलेला. इंजनांच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून चिकटला होता, म्हातारी आई चाँदबी बरोबर. आळीतल्या खोलीबरोबर अंबाजीचं कुलूपही त्याला मिळालं होतं. त्याची किल्ली माझ्यात घातली. खट्. मी उघडलो. दुसऱ्या कुणाची लावून बघावी, असं कुणाच्या मनातही आलं नाही. रखमाजीची आई अंबूबाई ओट्यावर बसून "कलियुग गं बाई, कलियुग" म्हणत होती.

बजरंगनं हमीदचं मनगट धरलं. चाँदबी आडवी आली. "सायेब, चौकीत नाव गेलं तर रेलवेतनं काडतील त्याला. आमी खायचं काय?"

"ते चोरीच्या आदी इचारायचं," रखमाजी म्हणाला.

सगळे चौकीकडं निघाले. चौकीच्या दारालाही अंबाजीचंच कुलूप होतं. बजरंग खिशात किल्ली चाचपतोय तोवर चाँदबीनं आपली किल्ली त्यात घातली. खट्! दार सताड उघडलं. चाँदबी म्हणाली, "आता सरकारी चोरी बी आमच्याच नावावर लिवा." बजरंगनं मनगट सोडलं. लोक पळत आळीत आले, याची किल्ली त्याच्या कुलपाला लावत सुटले. सगळी कुलपं उघडली. त्या दिवशी आळीत झाडून सगळे चोर ठरले.

पातेलं पुढच्या बाजारच्या दिवशी परत आलं. कल्हईवाला ते डोक्यावर घेऊन आला, आरशासारखं लखलखीत. थेट अंबूबाईच्या ओट्याशी थांबला. "आज्जी, तुमचं पातेलं. कथील संपलं हुतं म्हनून तळेगावास्नं करून आनलं."

अंबूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आळीतली दारं सगळी एकसारखी. तिनं आपलं समजून मुक्ताबाईचं दार उघडलं होतं आणि आपलं समजूनच पातेलं कल्हईला दिलं होतं. आता पातेल्यावरून हात फिरवून ती म्हणाली, "अगंबया, कल्हईनं केवढं वाढलं हे!"

कुणी हसलं नाही. रखमाजी हमीदच्या दारात जाऊन उभा राहिला.

आतून हमीद म्हणाला, "भाऊ, आत या. दार उघडंच हाय."

दुसऱ्या दिवसापासून बाया पुन्हा ओरडायला लागल्या, "बघा गं माझ्या घराकडं!" कुलपं एकेक करून उतरली. मी तेव्हापासून रॉकेलच्या डब्यात वाकड्या खिळ्यांबरोबर पडून आहे. मित्रांनो, जुन्या कुलपाला कधीतरी तेलाचं बोट लावा. घराला कुलूप जरूर घाला, पण जाताना शेजारी एक हाक मारून जा.

आता किल्लीचे दात पडायच्या आत सांगून टाकतो. ते चौकीचं खोटं. चौकीला कुलूपच नव्हतं. वरात आळीच्या बाहेरसुद्धा गेली नाही. मुक्ताबाईनं आपली किल्ली रखमाजीच्या कुलपाला लावली, खट्, आणि दोन्ही हात बजरंगपुढं धरले. "पातेलं माझं हाय. हमीदला न्यायचं आसंल तर मला बी ने."

सोडवलं ते तिनं. पण एवढ्या मोठ्या गोष्टीत कुलूपजातीच्या वाट्याला काहीच नाही, हे मला बघवेना. म्हणून मी चौकीला एक कुलूप घातलं.