पुढच्या वसंतात निघू म्हणणारी पाणबुडी

मित्रांनो, रशियाच्या उत्तरेला श्वेत समुद्राच्या धक्क्याला बांधलेली, गंजाने लाल झालेली ती लांबलचक काया दिसते ना, ती मी. मी एक जुनी अणुपाणबुडी आहे.

माझा जन्म इथल्याच गोदीत झाला. पोटात दोन अणुभट्ट्या, दोन्ही कुशींत क्षेपणास्त्रांच्या नळ्या. मी पाण्यात उतरले तेव्हा वेल्डिंग करणाऱ्या बायकांनी टोप्या उडवल्या होत्या. पुढे परक्या विमानवाहू जहाजांच्या मागावर मी महिनोन्महिने फिरले. त्यात एकही क्षेपणास्त्र कुणावर सोडावं लागलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

सावेली येगोरविच तेव्हा माझ्या यंत्रघरात नवा होता. पहिल्या बुडीला खलाशांनी प्रथेप्रमाणे त्याला दिव्याच्या काचेतून समुद्राचं पाणी पाजलं. मग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून बांधली. आम्ही खोल गेलो तशी ती सैल पडून लोंबू लागली.

"बघ, समुद्र हिला कसा आवळतोय! आईची आठवण आली का रे?" खलाशी खिदळले.

सावेलीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने माझ्या भिंतीवर हात ठेवला आणि पुटपुटला, "सोस गं बाई." तेव्हापासून तो माझ्याशी बोलायला लागला.

मग देशाचे दिवस फिरले. मला दुरुस्तीला म्हणून इथे आणलं आणि विसरून गेले. सावेली तेवढा माझ्या राखणीला राहिला. भट्ट्या विझल्या. माझ्यामागून बांधलेल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्यासारख्याच दुसऱ्या पाणबुडीला, पंप हवा, काढा माझा. तिला पेरिस्कोप हवा, तोही माझाच. दर वेळी सावेली स्वतःच पाना घेऊन यायचा, कारण दुसऱ्यांनी मला ओरबाडलं असतं.

"उसना देतोय गं," तो म्हणायचा. "पुढच्या वसंतात तुला नवा बसवू, मग निघू."

मला मात्र खरं ठाऊक होतं. पंप न्यायला आलेली माणसं माझ्याच पाठीवर बसून बोलली होती, की हिला तोडायचं ठरलंय. सावेलीची मुलगी त्याला दक्षिणेतल्या आपल्या घरी बोलावून थकली होती. मला समुद्रावर धाडल्याशिवाय हा हलणार नाही, असं मला वाटे आणि माझा जीव तुटे. पण त्याची आशा मोडण्यापेक्षा आपल्याला वाचा नाही तेच बरं, अशी मी मनाची समजूत घालत असे.

परवा तोडकामाची इंजिनिअर झिनाईदा आली. सावेली माझ्या पाठीवरचा बर्फ खरवडत होता.

"काका, कशाला हात गारठवून घेताय? या आठवड्यात हिला तोडायला नेणार. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला केव्हाचं ठाऊक आहे, पोरी."

"मग लेकीकडे का नाही गेलात? इतकी वर्षं इथे कुणासाठी कुडकुडत बसलात?"

सावेलीने घाईघाईने तिला हाताने थांबवलं. "हळू बोल ना," तो म्हणाला, "हिला कळेल."

मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशी वेळेवर खरं बोला. आम्ही दोघं एकमेकांना जपत राहिलो, आणि त्यापायी सावेलीचं म्हातारपण या बर्फात गेलं.