तोंडातून चोचीत

तूबा महिन्यात, ऐन थंडीत, कालव्यावरचं धुकं सकाळी दहापर्यंत उठत नाही. गच्चीवर उभं राहिलं की खालची गल्ली नाहीशी होते, मशिदीचा मिनार अर्धाच उरतो, आणि इन्शिराहला वाटतं की जगात आता आपण, पऱ्हाट्यांचे भारे आणि बारा कोंबड्या एवढंच शिल्लक राहिलंय. तिला ते आवडायचं. नवरा गेल्यापासून तिचं माणसांपेक्षा कोंबड्यांशी बरं जमे. कोंबड्या ऐकून घेतात आणि अक्कल शिकवत नाहीत.

खरं म्हणजे त्या कोंबड्या तिच्या नव्हत्याच मुळी. तहानीच्या होत्या. तहानी ही तिची एकुलती एक लेक, दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी इन्शिराहने लेकीच्या बाळंतपणासाठी कोंबड्या पाळायला घेतल्या. बाळंतिणीला चाळीस दिवस आईच्या गच्चीवरच्या कोंबडीचं, वेलदोडा घातलेलं आळणी सूप मिळायला नको? नाहीतर ती आई कसली! त्या वर्षी बाळ झालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. कोंबड्या वाढायच्या, जून व्हायच्या, कुणाच्या तरी ताटात जायच्या, आणि इन्शिराह पुन्हा नवी पिल्लं आणायची. गल्लीतल्या बायका पदराआड हसायच्या. हसोत बापड्या. यंदा तहानीला नववा महिना लागला होता.

आणि यंदाच कोंबड्यांना घरघर लागली.

आधी तिला वाटलं, धुकंच घरघरतंय. तो आवाज सगळीकडून येत होता, मऊ, ओला, झोपेत कुणी काही सांगू बघावं तसा. मग खुराड्याचं दार उघडलं तर दालचिनी रंगाची तिची लाडकी कोंबडी पंख पाडून बसलेली, डोळे मिटलेले, नाकातून फेस. तिच्या शेजारच्या दोघी तशाच.

पाच वर्षांपूर्वी पाखरांची ती भयंकर साथ आली होती तेव्हा पांढरे डगले घातलेली माणसं याच गच्चीवर चढली होती आणि चांगली, वाईट सगळी पाखरं पोत्यात भरून घेऊन गेली होती. रिकाम्या गच्चीवर ती आठ दिवस दाण्याची परात घेऊन जात होती, सवयीने. यंदा ते होऊ द्यायचं नाही. गुरांच्या डॉक्टरणीला कळलं तर पोती येणार. मग डॉक्टरणीला कळायलाच नको. एवढा साधा विचार तिने केला, आणि शाल गुंडाळून शहाताच्या पेंडीच्या दुकानात गेली.

शहाता तिच्याच वयाचा. पेंड, भुसा, बी-बियाणं आणि जनावरांची औषधं एकाच फळीवर मांडून बसायचा.

"शहाता, कोंबड्यांच्या सर्दीचं दे काहीतरी. अँटिबायोटिक."

"कुणाच्या कोंबड्या?"

"माझ्या मावसबहिणीच्या. पलीकडच्या गावात असते."

"मग तिला विचार, तुरा निळा पडलाय का."

"तिचा की कोंबडीचा?"

"तहानीची आई, मी थट्टा करत नाहीये. तुरा निळा असेल तर ही पूड म्हणजे नुसतं पिवळं पाणी. त्या रोगावर हिचं काही चालत नाही. आधी इल्हाम डॉक्टरणीला दाखव म्हणावं."

"डॉक्टरणीला घाबरते रे ती."

"तुझी बहीण अगदी तुझ्यावरच गेलेली दिसतेय," शहाता पुडी बांधत म्हणाला. "आणि हे बघ, तिला सांग, पाण्यात कालवून ठेवायचं. तोंडाने भरवायचं नाही. ते दिवस गेले आता."

तिने मान हलवली. परत येऊन तिने दालचिनीचा तुरा निरखून पाहिला. निळा? छे. धुक्यात सगळंच जरा निळं दिसतं.

पूड पाण्यात घालताच पाणी हळदीसारखं पिवळं झालं. पण ज्यांना प्यायची गरज होती त्यांनी पाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आजारी कोंबडी पाणी पीत नाही, ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि वाट बघते, कशाची ते तिचं तिला माहीत. इन्शिराहने तासभर कळ काढली. मग तिने वाटी उचलली, पिवळं पाणी आपल्या तोंडात घेतलं, दालचिनीला मांडीवर ओढलं, तिची चोच दोन बोटांनी उघडून ओठांत धरली आणि जिभेने हळूच पाणी आत ढकललं.

त्यात तिला वावगं काहीच वाटलं नाही. कबुतराची पिल्लं तिच्या आईने अशीच भरवली, आजीनेही अशीच. भिजवलेले गहू आणि घेवडा तोंडात घ्यायचा आणि पिल्लाच्या चोचीत सोडायचा. पाखराचा गळा कुठे आवळतो, कुठे सैल होतो, हे जिभेला कळतं, हाताला नाही कळत. सात वर्षांची असताना ती हे शिकली होती, आणि तिच्या हातची, म्हणजे तोंडची, कबुतरं गावात सगळ्यांत गुबगुबीत असत.

असे चार दिवस गेले. सकाळी आणि दुपारी, एकेकीला मांडीवर घेऊन. औषध भलतंच कडू होतं. भाकरी कडू लागायची, चहा कडू लागायचा. ऊन वर आलं की गच्चीवर गवताचा आणि पिसांचा उबदार वास सुटायचा, आणि तिला अर्धवट झोप लागायची. त्या झोपेत कोंबडी कोणती आणि आपण कोण हे नीटसं वेगळं राहायचं नाही. चौथ्या दिवशी एक तलंग कोंबडी मेली. पण दालचिनीने डोळे उघडले आणि आपणहून दोन दाणे टिपले. इन्शिराहने तिच्या डोक्याचा मुका घेतला. आनंदच इतका झाला होता.

त्याच दुपारी फोन वाजला.

"आई," तहानीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा थकलेला होता. "मुलगी झाली."

पुढचं काही इन्शिराहला धड ऐकू आलं नाही. तिने अंघोळ केली, ठेवणीतला काळा झगा घातला, आणि निघाली. वाटेत जरा कणकण वाटली. गार पाण्याने न्हाले म्हणून असेल. दोन गल्ल्या तर जायचं होतं, पण त्या दिवशी गल्ल्या लांबतच गेल्या, भिंती कापसाच्या असल्यासारख्या मऊ झाल्या. सात वर्षं या वाटेने ती रिकाम्या हाताने आणि रिकाम्या तोंडाने गेली होती. आता तिला सगळ्या दारांना सांगावंसं वाटत होतं.

तहानीची सासू, हाज्जा वजीदा, उंबऱ्यातच उभी होती, हातात दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं.

"अगं, ये की! पायरीवर का थबकलीस? नाक बघ हिचं, थेट तुझं. देव करो, स्वभाव तरी आमचा घेवो. धर."

इन्शिराहने हात पुढे केले. खोल श्वास घेतला, बाळाचा वास घ्यावा म्हणून. आणि तिला आपल्याच छातीत तो आवाज ऐकू आला. मऊ, ओला, घरघरणारा. दालचिनीचा आवाज.

ती मागे सरली. एक पायरी, मग दुसरी.

"आई?" आतून तहानीने हाक मारली. "आलीस का?"

"येते," इन्शिराह म्हणाली. "येतेच." आणि पाठ फिरवून चालू लागली. मागून वजीदा म्हणाली, "ही बाई भ्रमिष्ट झाली की काय! सात वर्षं रडली आणि आता नातीला हात लावेना." ते तिला स्पष्ट ऐकू आलं. जिव्हारी लागलं. पण ती थांबली नाही, ती सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली आणि दारातूनच, ओढणीने तोंड दाबून, सगळं सांगून टाकलं: घरघर, मावसबहीण, पिवळी पूड, आणि तोंडाने पाजलं तेही.

इल्हाम डॉक्टरीण तहानीबरोबर शाळेत होती. लहानपणी इन्शिराहच्याच गच्चीवर पिल्लांच्या मागे धावलेली.

"मावशी, औषध नक्की कुणाला पाजत होतात? कोंबड्यांना की स्वतःला?"

"दोघींना, थोडं थोडं."

"हसू नका. साधी सर्दी असेल तर या औषधाने कोंबड्या बऱ्या होतील. ती दुसरी साथ असेल तर होणार नाहीत, आणि ती माणसाला लागते. आपल्या मनाने, अर्धंमुर्धं पाजत राहिलात तर उद्या साध्या सर्दीलाही हे लागू पडायचं नाही. इतकं लपवलंत, मग आज कशा आलात?"

"माझ्या छातीत कोंबडी बोलली," इन्शिराह म्हणाली.

इल्हाम उठली. तिने तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले आणि गच्चीवर येऊन अकरा कोंबड्यांच्या घशातून कापसाच्या काड्या फिरवून नमुने घेतले. आरोग्य केंद्रातून नर्स आली, तिने तशीच काडी इन्शिराहच्या नाकात फिरवली आणि तिला गोळ्या दिल्या. अहवाल शहरातून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर कोंबड्या खुराड्यात आणि इन्शिराह आपल्या घरात. कुणी वर यायचं नाही, तिने खाली जायचं नाही. पोती आणायची की नाही तेही तेव्हाच ठरणार.

"आणि बऱ्या झाल्या तरी इतक्यात यांचं अंडं नाही की मांस नाही," इल्हाम जिना उतरताना म्हणाली. "औषध अंगातून जायला दिवस लागतात. बाळंतिणीच्या वाटीत तर नकोच नको."

म्हणजे सात वर्षांचं आळणीही गेलं.

ताप चढला तसे दिवस एकमेकांत मिसळले. शेजारीण जिन्याच्या तोंडाशी पातेलं ठेवून जाई. दुपारी इन्शिराह गच्चीवर पऱ्हाट्यांना टेकून उन्हात पडून राही. एकदा तिला दिसलं की सात वर्षांच्या सगळ्या कोंबड्या परत आल्यात, काळ्या शाली पांघरून, एकीमागून एक जिना उतरताहेत. "कुठे निघालात गं?" तिने विचारलं. "बाळ बघायला," त्या म्हणाल्या. "मीही येते." तेव्हा सगळ्यांत पुढची थांबली, आणि वळून तिच्याकडे बघत राहिली. इन्शिराह रडत जागी झाली. खुराड्यात दालचिनी दाणे टिपत होती, टक्, टक्. किती साधा आवाज, पण त्याने तिला धीर आला.

सहाव्या दिवशी ताप उतरला. घरघर मात्र तळाशी थोडी उरली होती, आणि अहवालाचा पत्ता नव्हता. संध्याकाळी तहानीचा फोन आला. इल्हामने तिला सगळं सांगितलं होतं.

"आई, उद्या सातवा दिवस."

"माहीत आहे गं." सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवायचं, आईने त्याला सात वेळा ओलांडायचं आणि आजीने कानाशी खलबत्ता वाजवायचा, ही रीत ती कशी विसरेल?

"खलबत्ता तूच वाजवायचास. सासूबाईंनी हात लावला तर मी पोरीला ओलांडणार नाही, सांगून ठेवते."

"वेडी आहेस का? मी येऊ शकत नाही."

"तू कुठे येतेस? आम्ही येतो. तू गच्चीवर थांब."

दुसऱ्या दिवशी धुकं विरता विरता गल्लीत माणसं जमली. वर दोन मजल्यांवर कठड्याशी इन्शिराह उभी, तोंडाला फडकं, समोर आईच्या वेळचा पितळी खलबत्ता. खाली, दारापासून लांब, मोठ्या चाळणीत दुपटं आणि दुपट्यात ते एवढंसं गाठोडं. इतक्या उंचावरून नाक काही दिसत नव्हतं. पोरांच्या हातांत मेणबत्त्या होत्या. वजीदाने मूठभर मीठ उडवलं आणि वर बघून ओरडली, "वाजव की बाई! का मुहूर्त बघतेस? पोरगी म्हातारी होईल!"

इन्शिराहने बत्ता उचलून आपटला. पितळ खणखणलं, कबुतरं उडाली, खुराड्यातल्या कोंबड्या एकदम कलकलल्या. चाळणीतलं बाळ दचकलं आणि रडू लागलं, आणि सगळी गल्ली आनंदाने ओरडली, कारण ते रडायलाच हवं असतं. तहानी एकदा बाळाला ओलांडून गेली. परत आली. पुन्हा गेली. किती जपून, किती सावकाश चालत होती पोर. प्रत्येक वेळी वरून एक ठोका.

सातव्यांदा ओलांडून झालं तेव्हा सगळे गप्प झाले. आता आजीने बाळाला बजावायचं असतं, जन्मभराचं पहिलं बजावणं.

"आईचं ऐक!" इन्शिराह ओरडली आणि बत्ता आपटला. आवाज बसका निघाला, पण पोचला.

"बापाचं ऐकू नको!" पुन्हा ठोका. खाली हशा पिकला. जावई लाजून टोपी सारखी करू लागला.

"आणि आजीचं..." ती म्हणाली.

आणि थांबली. आजीचं ऐक, असं म्हणतात. तिची आई म्हणाली होती, तिची आजी म्हणाली होती, याच खलबत्त्यावर. खाली सगळे माना वर करून वाट बघत होते.

"आजीचं अजिबात ऐकू नको!" इन्शिराह ओरडली. "ऐकलंस का गं, सोन्या? आजी गाढव आहे! तिचं ऐकू नको!"

"कुठल्या आजीचं? नाव घेऊन बोल!" वजीदा कडाडली, आणि गल्ली पुन्हा हसली. फक्त तहानी हसली नाही. तिने वाकून चाळण उचलली, दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरली, टाचा उंचावून, जेवढी वर जाईल तेवढी. रडणं आता जवळून येऊ लागलं. दुपट्याबाहेर एक मूठ आली, लाल, शेंगदाण्याएवढ्या बोटांची.

इन्शिराहचे हात आपसूक कठड्यावरून खाली गेले. मग तिने ते मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले.