बैलांची सुट्टी

मुलांनो, चला माझ्याबरोबर एका मळ्यात. वडनेर भोलजीजवळचा मळा आहे, आणि महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली आहेत. विहिरीवर कडूबा बैल हाकतो आहे. बैल दोर ओढतात, चामड्याची मोट पाणी घेऊन वर येते. त्याची बायको अंबूबाई मिरचीत उभी आहे. एक वाफा भरला, की फावड्याने माती ओढून ती पाणी पुढच्या वाफ्यात वळवते.

ऊन चढलं की बैल दमतात. कडूबा त्यांना सोडून कडबा टाकतो. पाणी थांबतं. तेवढ्यात अंबूबाई निंबाखाली बसते, झोळीतल्या तान्ह्याला पाजते, शाळेतून आलेल्या लेकीची, सोजराची वेणी घालते. बैलांची सुट्टी तीच तिची सुट्टी.

मग मळ्यापर्यंत वीज आली. कडूबाने बैल विकले, मोटरपंप बसवला. पाणी भरपूर झालं म्हणून मिरची दुप्पट लावली, आणि बटन दाबून तो रस्त्यावरच्या हॉटेलात जाऊन बसू लागला.

"कडूबा, तू तं साहेब झाला लेका!" हॉटेलवाले नारायणराव म्हणायचे.

सोजराने एकदा विचारलं, "बा, मोटरीले सुट्टी कवा?"

"ते का बैल हाय दमाले?" कडूबा हसला.

अंबूबाईला मात्र जागचं हलता येईना. पाणी असं धावत यायचं, की ती जरा बसली तर वाफा फुटायचा. तिचं दूध आटत चाललं.

एका दुपारी सोजरा आली, तेव्हा तान्ह्याला रडायचंही बळ नव्हतं. नुसते ओठ हलत होते. तिने विहिरीवर जाऊन लाल बटन दाबलं. मळा एकदम गप्प झाला. अंबूबाई मटकन बसली आणि तिने लेकराला पदराखाली घेतलं.

आवाज थांबलेला हॉटेलात कळला. कडूबा तरातरा आला.

"मोटर काऊन बंद केली वं?"

"अवो, लेकरू भुकेलं हाय," अंबूबाई म्हणाली.

"मंग पाज ना! तुले कोनं अडवलं? मोट होती तवा मी बोललो काय? आता इज आली, आता कायचं दमनं!"

त्याने मोटर चालू केली आणि तो परत गेला. पाणी धावत आलं. अंबूबाईने लेकराला छातीपासून सोडवलं, झोळीत टाकलं आणि फावडं उचललं.

सोजराने आपली पाटी बैलांच्या रिकाम्या गव्हाणीत ठेवली, आईच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि ती भरत आलेल्या वाफ्याकडे पळाली.